मेंढरांच्या वाड्यावर सहा दिवस

जालना जिल्ह्यात मी सहा दिवस राहिले आणि तिथलं एकही देऊळ पाहिलं नाही. गुहागरला घरी गेले तेव्हा आत्याने हौसेने विचारलं, "मग, काय काय बघितलंस तिकडे?" ती भात वाढत होती. मी म्हटलं, "ऊस, कापूस." आणखी काही सांगितलं असतं तर जेवण कोणाच्याच घशाखाली उतरलं नसतं. आता बरेच महिने झालेत, म्हणून लिहायला बसले आहे.

मी आणि सुनंदा पशुवैद्यकीय कॉलेजच्या तिसऱ्या वर्षाला होतो. होस्टेलला एकाच खोलीत राहायचो. मी तिथे आले ती मार्क कमी पडले म्हणून. मेडिकलला नंबर लागला असता तर जनावरांच्या वाटेला गेलेच नसते. सुनंदाचं तसं नव्हतं. ती धनगराच्या घरातली. भोकरदनच्या पलीकडे तिचं गाव, पण घरचे तिथे चारच महिने असतात. दिवाळी झाली की मेंढरं घेऊन ते खाली गोदावरीकडे उतरतात आणि पावसाळ्याच्या तोंडावर परततात. ती नऊ वर्षांची असताना एक मेंढी अडली होती. पिल्लू आडवं आलेलं, आणि वडिलांचा हात आत जाईना. त्यांनी सुनंदाच्या हाताला तेल लावलं आणि म्हणाले, "पाय सापडतो का बघ." सापडला. पिल्लू जगलं. "माझा हात लहान होता, एवढंच," ती सांगायची. पण त्या दिवसापासून ओळखीचे सगळे धनगर तिला डॉक्टरीण म्हणायला लागले, आणि तिनेही ते मनावर घेतलं. धनगरांच्या मुक्कामाला वाडा म्हणतात. चार दिवस या शेतात, आठ दिवस त्या शेतात. "वाडा दवाखान्याकडं जाऊ शकत न्हाई, दवाखान्यानं वाड्यावर गेलं पाहिजे," हे तिचं ठरलेलं वाक्य होतं. मी ते इतक्यांदा ऐकलं होतं की मला त्याचा कंटाळा आला होता.

माघातल्या एका सकाळी तिच्या आईचा फोन आला. मेंढरांच्या नाकातून शेंबूड वाहतोय, तोंडं आलीत, हगवण लागलीय, दोन दिवसांत सहा गेली. सुनंदाने बोलता बोलताच बॅग भरायला घेतली. मी म्हटलं, "मीही येते." थोडी मैत्री होती, थोडं कुतूहल, आणि खरं सांगायचं तर परीक्षेपुरता वाचलेला रोग डोळ्यांनी बघायला मिळेल अशी हावही होती. त्या हावेची आज मला लाज वाटते.

वडीगोद्री

बस आम्हाला हायवेवर उतरवून निघून गेली. दोन्ही बाजूंना टायरची, खता-बियाण्यांची, चहाची दुकानं, आणि मधून भरधाव ट्रक. चहा घेतला. आमच्याकडे पाहुण्याला आधी पाणी आणि गुळाचा खडा देतात. इथे अनोळखी चहावाल्यानेही आधी चौकशी वाढली. गाव कोणतं, कोणाच्या, कुठे निघालात, लग्न झालं का. सुनंदाने सगळ्याची उत्तरं दिली. मेंढरं आजारी आहेत एवढं मात्र सांगितलं नाही.

घनसावंगीकडे जाणारी जीप माणसांनी ठासून भरेपर्यंत हलली नाही. शेजारच्या म्हातारीने न विचारता आपलं गाठोडं माझ्या मांडीवर ठेवलं. "धर वं माय, माझे गुडघे दुखून राह्यले." गाठोड्यात हिरवा हरभरा होता. उतरताना तिने त्यातली मूठभर डहाळी माझ्या ओंजळीत कोंबली आणि वळूनही न बघता चालती झाली.

आमच्या कोकणात नजर कुठेतरी अडते. डोंगर, आंबा, शेजाऱ्याचं कौल. इथे ती अडतच नाही. काळी जमीन, बोंडं वेचून झालेल्या कापसाच्या वाळक्या पऱ्हाट्या, मध्येच उसाचा हिरवा पट्टा, आणि पुन्हा काळी जमीन. एवढ्या मोकळ्या जागेत मला कोंडल्यासारखं का वाटत होतं कोण जाणे.

वाडा एका निवृत्त शिक्षकांच्या शेतात होता. सगळे त्यांना गुरुजी म्हणतात. खतासाठी ते दरवर्षी रान मोकळं झालं की मेंढरं बसवतात. त्यांच्या आखाड्यावर, म्हणजे शेतातल्या राहत्या जागी, पत्र्याची खोली होती आणि आत बाबासाहेबांचा फोटो. आम्हाला बघून ते बाहेर आले. "जयभीम, बेटा. बरं झालं आलीस," ते सुनंदाला म्हणाले. "बाजूचे लोक म्हणून राह्यले की ह्यांना हाकला. म्या म्हणलं, दुखणाईताला कोणी घराभाईर काढतं का?"

वाड्यावर

पऱ्हाट्यांच्या काड्या आणि जाळी लावून केलेलं कुंपण, तीन दगडांची चूल, एक बाज, दोन घोडी, तीन कुत्री. दार नाही, भिंत नाही. यालाच घर म्हणायचं हे समजायला मला दिवस गेला.

सुनंदाचे वडील, आबा, उंच आणि वाळलेले. डोक्याला लाल पटका. मेंढरं त्यांची बासष्ट, त्यातली आम्ही पोहोचेस्तोवर नऊ गेली होती. धाकट्या भावाची, रंगनाथकाकांची, चाळीस. त्यातलं एकही अजून आजारी दिसत नव्हतं. दोन्ही कळप शेजारी शेजारी बसायचे. मला सगळी मेंढरं एकसारखी काळी दिसत होती. आबांना प्रत्येकीचं नाव ठाऊक होतं: मोरी, कानी, भुंडी, चांदी. आम्ही गेलो तेव्हा ते नुकत्याच मेलेल्या एका मेंढीजवळ बसले होते.

"आबा, हिला फाडून बघावं लागंल," सुनंदा म्हणाली.

माय, म्हणजे तिची आई, तोंडाला पदर लावून मागे सरकली. रंगनाथकाका म्हणाले, "मेलेल्याची इटंबना कशाला?"

आबांनी मेंढीच्या पाठीवरून एकदा हात फिरवला. "फाड पोरी. मला बी बघू दे, हिला आतून काय खाऊन राह्यलं."

हातमोजे आम्ही कॉलेजातून आणले होते. बांधावर, दुपारच्या उन्हात, तिने पोट उघडलं. मी पाय धरले. तोंडात भाताच्या कोंड्यासारखा थर आणि खाली जखमा. फुप्फुसं घट्ट, गर्द लाल. मग तिने मोठं आतडं चिरून आतली बाजू वर केली. तिथे लाल-काळे पट्टे होते, ओळीने, झेब्र्याच्या अंगावर असतात तसे. महिन्यापूर्वी तोंडी परीक्षेत तिला नेमका हाच प्रश्न आला होता आणि पैकीच्या पैकी मार्क मिळाले होते.

तिने चाकू खाली ठेवला.

"बुळकांडी हाय, आबा. पीपीआर म्हणतेत."

"औषध?"

"ह्या रोगाचं औषध न्हाई. आधी लस टोचावी लागती."

"लस," आबा म्हणाले. "गावात लसवाले आल्ते तवा आपण रस्त्यात होतो."

तिने मग सगळं समजावून सांगितलं. आजारी मेंढरं वेगळी काढायची, तोंडं धुवायची, मीठ-साखरेचं पाणी पाजायचं, मेलेली खोल पुरायची. आणि मुख्य म्हणजे इथून हलायचं नाही. एकही मेंढरू कालव्याच्या पाण्यावर न्यायचं नाही, कारण तिथे सगळ्या वाड्यांची जनावरं येतात.

रंगनाथकाका उभे राहिले. "म्हंजे माही चाळीस बी हितंच मरू देऊ? ह्या जाग्यातच खोट हाय. जागा सोडली की दुखणं सुटतं. आपला बाप बी हेच करायचा."

"काका, खोट जाग्यात न्हाई. तुमची मेंढरं आज धड दिसत्यात, पर त्यांच्या बी अंगात शिरलं असंल. नदीकडं नेली तर तिकडचे पाची वाडे धरतील."

"तुला कागद मिळाला का डॉक्टरकीचा?"

"अजून न्हाई."

"मंग."

आबा एकदा भावाकडे, एकदा मुलीकडे बघत होते. दोघं भाऊ जन्मापासून एकाच वाड्यावर राहिलेले. माय चुलीपाशी भाकरी थापायची थांबली होती. शेवटी आबा म्हणाले, "म्या थांबतो. पोरगी म्हणती तर म्या थांबतो."

सकाळी उठलो तेव्हा वाडा अर्धा झाला होता. काकांच्या बाजूला लेंड्या, विझलेली राख आणि घोडीच्या खुंटीचं भोक एवढंच उरलं होतं. दिवस उगवायच्या आत ते निघून गेले होते. चहा पिताना आबा सारखे त्या मोकळ्या जागेकडे तोंड करून बसले होते.

घनसावंगी

त्याच दिवशी आम्ही तालुक्याच्या दवाखान्यात गेलो. डॉक्टर पन्नाशीचे, डोळे तांबारलेले. त्यांच्याकडे आणखी दोन दवाखान्यांचा कारभार होता आणि आम्ही पोहोचलो तेव्हा ते एका गाईचं वासरू ओढून नुकतेच आले होते. बाहीवर रक्त तसंच होतं. सुनंदाने पट्ट्यांचं वर्णन केलं. त्यांनी मध्येच थांबवलं.

"कोणत्या वर्षाला आहात?"

"तिसऱ्या."

"बराबर ओळखलंत." मग म्हणाले, "तुमच्या वडलांच्या मेंढरांना लसीचा उपयोग नाही, ते तुम्हाला माहीतच असेल."

"हो."

"नदीकाठच्या वाड्यांवरची जी धड आहेत त्यांना टोचू. लस जालन्याहून मागवतो. परवा येईल. तुम्ही दोघी या मदतीला, पण सुई माझ्यासमोरच चालवायची."

तपासणीसाठी नमुने घ्यायला ते संध्याकाळी स्वतः मोटारसायकलवर वाड्यावर आले. अँटिबायोटिक्स, सलाईन, होतं ते सगळं देऊन गेले. जाताना आबांच्या खांद्यावर हात ठेवला.

त्या दोन दिवसांत मी जे खाल्लं ते आठवतं, कारण दुसरं काही आठवायचं नाही. बाजरीची भाकरी, हरभऱ्याच्या पाल्याची भाजी, आणि ठेचा असा की पहिल्या घासाला माझ्या डोळ्यांतून पाणी आलं. मायने ताटात दूध ओतलं. मेंढीचं दूध, दाट, जरा उग्र. पिल्लं मेलेल्या मेंढ्यांची कास तटतटून दुखते, म्हणून माय त्यांना पिळायची. आजारी मेंढीचं दूध जमिनीत जायचं, धडधाकट मेंढीचं आमच्या ताटात यायचं. पहिल्या दिवशी ताटात आलं तेवढं तिसऱ्या दिवशी आलं नाही.

नदीकाठ

चौथ्या दिवशी बर्फाच्या पेटीत लस घेऊन आम्ही तिघं गोदावरीकडे गेलो. आजारी वाड्यावरचे कपडे आणि चपला आम्ही तिथेच ठेवल्या होत्या. माझ्या पायात गुरुजींच्या घरचे भलेमोठे बूट होते. नदी रुंद, संथ, मातकट. आमच्याकडच्या खाडीला वास असतो, आवाज असतो. ही गप्प होती.

काका आमच्या आधी पोहोचलेले होते. पहिल्याच वाड्यावर कळलं. तिथल्या माणसाने आम्हाला कुंपणाच्या आत येऊ दिलं नाही. "रंगनाथ हलला, त्याची चाळीसच्या चाळीस उभी हायेत. त्याचा भाऊ हिचं ऐकून बसला, त्याचा वाडा बसला. आमाला न्हाई टोचायचं." डॉक्टरांनी समजावलं, शासनाची लस आहे, फुकट आहे. माणूस ऐकेना. दुसऱ्या वाड्यावरही तेच.

काका स्वतः तिसऱ्या वाड्याच्या अलीकडे, बाभळीखाली भेटले. सुनंदा त्यांच्यापासून वीस पावलं लांब थांबली. तिथूनच ओरडली, "काका, निदान बाकीच्यांच्या पाण्यावर नका नेऊ."

"तुझ्या डॉक्टरीनं माह्या भावाला बुडवलं," ते म्हणाले. ते रागावलेले नव्हते, घाबरलेले होते, हे मला आता कळतं. "तू माह्या मेंढरांकडं बोट बी दाखवू नको."

तिसरा वाडा लिंबाजीबाबांचा. सत्तरीच्या पुढचा म्हातारा, कांबळ्यात गुंडाळून बसलेला. त्याने आम्हाला बसायला सांगितलं. लसीचं काही विचारलं नाही. सुनंदाला म्हणाला, "तुझ्या बापाची किती राह्यली?"

"सव्वीस."

"बासष्टातली?"

"हां."

"उद्याच्याला?"

"अजून कमी व्हतील."

म्हातारा म्हणाला, "हितं लस इकायला आली अन् आपल्याच घरचं मरण सांगून राह्यली. खोटं बी बोलता येईना का तुला?"

"बोलून काय करू, बाबा."

त्याने मागे वळून हाक दिली, "धरा रे मेंढरं. सगळी टोचून घ्या." 

त्याचं बघून पुढचे दोन वाडेही तयार झाले. आम्ही ऊन उतरेपर्यंत टोचत होतो. एका मेंढ्याने मला फरफटत नेलं. गुरुजींचा एक बूट चिखलात रुतला आणि मी दुसऱ्या पायावर उडत उडत लेंड्यांत जाऊन पडले. सगळा वाडा हसला. सुनंदाही हसली. त्या सहा दिवसांत ती हसलेली मी तेवढीच पाहिली.

पाचवा दिवस, सहावा दिवस

परत आलो तेव्हा बावीस होती.

गुरुजींनी जेसीबी बोलावून शेताच्या कोपऱ्यात खड्डा खणून घेतला होता. त्यांच्या स्वतःच्या रानात, जिथे पुढच्या वर्षी पेरायचं होतं. आबा प्रत्येक मेंढी स्वतः उचलून न्यायचे. जेसीबीवाला म्हणाला, बकेटात घालतो, जल्दी होईल. आबा म्हणाले, "न्हाई." माझ्या घरी गाय गेली तेव्हा आजोबांनी तिला आंब्याखाली पुरलं आणि आम्ही सगळे रडलो होतो. इथे कोणी रडत नव्हतं. एक गाय गेली तर रडता येतं. आबा चांदीला ठेवून यायचे आणि भुंडीला उचलायचे.

सुनंदा सकाळपासून तोंडं धूत होती. लाल औषधाचं पाणी, एक मेंढी, मग दुसरी, मग तिसरी. दुपारी ती मध्येच थांबली. हातातली पिचकारी जमिनीवर ठेवली.

"मानसी, मला उत्तर येत होतं," ती म्हणाली. "पहिल्याच दिवशी आलं. मंग काय झालं?"

मी माझी पिचकारी भरली आणि पुढच्या मेंढीकडे गेले. थोड्या वेळाने तीही आली.

मायने हाक मारली, "पोरींनो, हात धुवा, जेवा." ती रोज त्याच वेळी तशीच हाक मारायची. त्या दिवशी भाकरीबरोबर दूध नव्हतं.

सहाव्या दिवशी सकाळी एकोणीस उभी होती. त्यांतल्या चौदांनी चारा खाल्ला. सुनंदा म्हणाली, ही जगतील. आबांनी मान हलवली. एवढ्या मोठ्या कुंपणात ती एकोणीस मेंढरं एका कोपऱ्याला चिकटून उभी होती, आणि आबा कुंपण आवळायला घेत नव्हते.

पुढचं मला फोनवर कळलं, ते इथेच सांगून टाकते. मी निघाले त्याच्या दुसऱ्या दिवशी काकांच्या मेंढरांची नाकं वाहायला लागली. ज्या दोन वाड्यांनी लस नाकारली होती तिथेही रोग गेला. लिंबाजीबाबांचा वाडा आणि त्याच्या पुढचे दोन वाचले. सुनंदा काकांच्या वाड्यावर गेली, पंधरा दिवस राहिली, त्यांची सतरा जगवली. काका तिच्याशी बोलले नाहीत. पण तिने सांगितलं तसं पाणी मात्र पाजत गेले.

मला वाटलं होतं, आता लोक तिचं नाव घेतील. तसं झालं नाही. भोकरदनपर्यंत जी गोष्ट गेली ती अशी: डॉक्टरीण स्वतः वाड्यावर होती, तरी बापाची मेंढरं मेली. जे वाडे वाचले ते आपल्या नशिबाने वाचले, असं तेच सांगतात. आबांनी उरलेली मेंढरं काकांच्या कळपात घातली आणि आता ते एका उसाच्या फडावर राखणीला आहेत. सुनंदा तीन आठवड्यांनी कॉलेजला परतली. एक परीक्षा बुडाली होती, ती नंतर दिली. पूर्वीचं ते वाड्याचं आणि दवाखान्याचं वाक्य मी तिच्या तोंडून पुन्हा ऐकलेलं नाही. पण शेवटच्या वर्षानंतरच्या प्रशिक्षणासाठी तिने घनसावंगीचंच नाव लिहून दिलं आहे. ऑफिसातल्या बाई म्हणाल्या, मिळेल, त्या बाजूला कोणी मागतच नाही.

निघतानाचं राहिलं.

मी एकटीच परतणार होते. जीपच्या रस्त्यापर्यंत आबा पोहोचवायला आले. माझी बॅग त्यांनी खांद्यावरच्या काठीला अडकवली होती. इतकी वर्षं मेंढरांच्या चालीने चाललेला माणूस. मध्ये मध्ये थांबायचे, मागे बघायचे, मग पुन्हा चालू लागायचे. रस्त्याला लागल्यावर त्यांनी बॅग खाली ठेवली आणि पहिल्यांदाच माझ्याकडे नीट बघितलं.

"तुमच्या मुलखात मेंढरं असत्यात का?"

"नाही आबा. पाऊस फार. तिथे जगत नाहीत."

"बरं हाय मंग," ते म्हणाले, आणि जीप येईपर्यंत माझ्याजवळ उभे राहिले.